चिसितालिया २०२

चिसितालिया २०२ ही १९४० च्या दशकातली इटालियन स्पोर्ट्स कार. काही जण म्हणतात की ती म्हणजे उंची कपडे घातलेली फियाट. इंजिन फियाट ११०० वरून घेतलेलं, १०८९ सीसीचं, हे खरंच. पण बारीक पोलादी नळ्या जोडून केलेला खालचा सांगाडा काही फियाटचा नव्हता.

आणि बॉडी! गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या इटलीतल्या पिनिन फरिनाच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून घडवलेली. बाजूने काढलेला फोटो नीट बघा. मडगार्ड वेगळे चिकटवल्यासारखे दिसत नाहीत, दिव्यांपासून मागच्या टोकापर्यंत पत्रा सलग जातो आणि बॉनेट चक्क मडगार्डांपेक्षा खाली आहे. १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ गाड्यांचं प्रदर्शन भरवलं, त्यात ही होती. पुढे त्यांनी एक २०२ कायमची संग्रहात घेतली.

१९४७ ची मिल्ले मिल्या ही इटलीतली रस्त्यांवरची लांब पल्ल्याची शर्यत तर सांगायलाच हवी. चोपन्न वर्षांचा, तब्येतीने खंगलेला नामवंत इटालियन रेसर नुव्होलारी उघड्या चिसितालियात बसून प्रतिस्पर्धी बिओन्देत्तीच्या २.९ लिटरच्या अल्फा रोमिओपुढे होता! शेवटच्या टप्प्यात मुसळधार पावसाचं पाणी इग्निशनमध्ये शिरलं, वेळ गेला आणि तो दुसरा आला. माझ्या मते त्याच्या कितीतरी विजयांपेक्षा हा दुसरा नंबर मोठा आहे.

चिसितालिया कंपनी पुढे बुडाली, पण या गाडीपायी नाही. मालक पिएरो दुझिओने पोर्शेकडून ग्रां प्रीसाठी रेसगाडी करून घ्यायला घेतली आणि त्या खर्चाने कंबरडं मोडलं. २०२ जेमतेम १७० च्या आसपास बनल्या.