मदत हवी आहे: अ‍ॅलनिन जाऊन ग्लायसिन आलं, एवढ्यावरून एन्झाइम का अडतं?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला आहे. पुढच्या आठवड्यात जी-सिक्स-पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज) या एन्झाइमच्या कमतरतेवर सेमिनार द्यायचाय आणि दोन दिवस एकाच स्लाइडवर अडून बसलेय.

हे एन्झाइम एनएडीपी या सहघटकापासून एनएडीपीएच बनवून लाल पेशीला पुरवतं, आणि ते पेशीला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवतं. ते कमी पडलं की प्रायमाक्विनसारख्या मलेरियाच्या औषधानं पेशी फुटतात, इथवर ठीक. आपल्याकडे शहरी लोकांत जास्त करून मेडिटेरेनियन प्रकार सापडतो: प्रथिनाच्या साखळीत १८८व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलअ‍ॅलनिन. हे पटतं. इवल्याशा सेरीनच्या जागी एवढी मोठी रिंग कोंबली तर घडी बिघडणारच. त्यात लाल पेशीला केंद्रक नाही, म्हणजे बिघडलेलं टाकून नवं बनवायचीही सोय नाही.

घोडं अडलंय ते ओरिसा प्रकाराशी. हा मुख्यतः आदिवासी समाजांत दिसतो. ४४वं अ‍ॅलनिन जाऊन ग्लायसिन. म्हणजे गेला काय, तर एक मिथाइल गट! पायमोलमध्ये (प्रथिनांची रचना दाखवणारं सॉफ्टवेअर) बदल करून पाहिला: आधी एक चिमुकला खुंट दिसत होता, मग तोही दिसेना. बाकी सगळं जिथल्या तिथे. (तो बदल करताना पायमोल प्रथिनाच्या साखळीचा कणा हलवतच नाही, हे नंतर सरांची बोलणी खाल्ल्यावर कळलं.) ब्लोसम-६२ तक्त्यात (कोणतं अमिनो आम्ल कोणाच्या जागी कितपत चालतं याचे गुण देणारा; उणे म्हणजे न चालणारं) या अदलाबदलीला शून्य गुण, सेरीन-फिनाइलअ‍ॅलनिनला उणे दोन. म्हणजे तक्त्याच्या मते विशेष काही घडलेलंच नाही. आणि प्रत्यक्षात एनएडीपीसाठीचा केएम (निम्म्या वेगासाठी लागणारं प्रमाण; साधारणपणे जास्त म्हणजे पकड सैल) पाचपट!

माझा तर्क असा. ३८ ते ४४ हा एनएडीपी धरणारा पट्टा: ग्लायसिन-अ‍ॅलनिन-सेरीन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टेट-ल्युसीन-अ‍ॅलनिन. आपलं अ‍ॅलनिन त्यातलं शेवटचं. तिथे ग्लायसिन आलं की कण्याला नको तितकी मोकळीक मिळत असणार आणि एनएडीपीची पकड सुटत असणार. तक्त्याला बिचाऱ्याला जागा कुठली ते माहीतच नसतं.

पण मग सैलपणा खरा असेल तर हे एन्झाइम गरम केल्यावरही लवकर मोडायला हवं ना? की दोष फक्त त्या मिथाइलचा शेजाऱ्यांशी असलेला स्पर्श तुटल्याचा आहे? दोन्हींतलं खरं कारण कसं वेगळं काढतात? ४४व्या जागी सेरीन बसवून केएम मोजला तर काही कळेल का?

गाइड म्हणतात, ‘केएमचा आकडा सांग आणि पुढे चल.’ पण आमचे परीक्षक नेमके तिथेच थांबवतात.