तैलरंगात चेहरा मळकट का होतो?

कोराकॅनव्हास
चित्रकलेच्या पदवीचं दुसरं वर्ष चालू आहे. चारकोलमध्ये पोर्ट्रेट जमतं, साम्यही येतं. तैलरंग घेतले की तासाभरात सगळा चेहरा राखाडी-तपकिरी होतो. सावलीत पांढरा घातला तर ती पांढुरकी दिसते, नाही घातला तर नुसता काळा डाग. शिवाय वाळल्यावर केस आणि पार्श्वभूमी निस्तेज पडते, बाकीचा भाग चकाकतो. सर म्हणतात, ‘टोन बघ.’ म्हणजे नेमकं काय करू?

किलकिले_डोळे
सर बरोबर सांगतायत. टोन म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद आहे ते. प्रकाशातला सगळ्यात गडद टोनसुद्धा सावलीतल्या सगळ्यात उजळ टोनपेक्षा उजळ राहिला पाहिजे. हे बिघडतं ते हनुवटीखाली. तिथं परावर्तित प्रकाश असतो. त्याकडे एकटक पाहिलं की तो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो आणि आपण त्यात पांढरा घालतो. टायटॅनियम व्हाइट जोरकस असतो, टोन उजळताना रंगाची ऊब काढून घेतो. सावली उजळायचीच असेल तर यलो ऑकरनं (मातकट पिवळ्यानं) उजळा.

पुढची काही पोर्ट्रेट फक्त बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्यात करा. ब्रश उचलण्याआधी पॅलेट नाइफनं पाच टोन मिसळून ठेवा: तीन प्रकाशाचे, दोन सावलीचे. डोळे किलकिले करून मॉडेलकडे पाहा. पापण्या, ओठांच्या रेघा नाहीशा होतात आणि मोठे आकार उरतात. तेवढेच सपाट लावा. कडा घोटायची घाई नको, कारण खरा मळ तिथंच होतो: प्रकाशातला ब्रश सावलीत जातो आणि तोच परत गालावर येतो. प्रकाशाला एक ब्रश, सावलीला दुसरा. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी फडक्याला पुसायचा, गढूळ टर्पेंटाइनमध्ये खळबळायचा नाही.

हे जमलं की चार रंग घ्या: यलो ऑकर, कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक, पांढरा. अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावानं ही पॅलेट ओळखली जाते (त्याच्याकडे लाल म्हणजे व्हर्मिलियन). काळ्यात पांढरा मिसळून उबदार त्वचेशेजारी ठेवलात तर तो निळसर दिसतो. काळा आणि ऑकर मिळून ऑलिव्ह हिरवा देतात. त्वचेला एवढं पुष्कळ होतं.

जवसतेल
वरच्या सल्ल्यात एकच भर. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, त्यामुळे खालच्या थरात जाड लावू नका. त्यावर लवकर वाळणारा रंग चढवला तर वरचा थर तडकतो. पहिला थर अंबरचा ठेवा; त्यात मँगनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो.

निस्तेज डागांचं कारण म्हणजे तेल खाली शोषलं जातं. एकतर जेसो (कॅनव्हासवरचा पांढरा अस्तर-थर) फार शोषक असतो किंवा रंगात टर्पेंटाइन जास्त पडतं. पहिल्या थराला टर्पेंटाइन ठीक. पुढच्या प्रत्येक थरात तेलाचं प्रमाण थोडं वाढतं ठेवायचं. आत्ता पडलेल्या डागांवर, रंग हाताला पूर्ण कोरडा लागत असेल तरच, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन अगदी पातळ पुसा. काही मिनिटांनी जास्तीचं टिपून घ्या, नाहीतर पुढं पिवळेपणा येतो. मूळ टोन परत दिसेल, मग पुढं रंगवा. अशा निस्तेज भागावर अंदाजानं रंगवत गेलात तर टोन चुकणारच.

तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा आपोआप पेटू शकतो. पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

कोराकॅनव्हास
आभार दोघांचेही! क्रिटला (वर्गात सगळ्यांसमोर कामावर होणाऱ्या चर्चेला) यातलं काय न्यावं? तिथं नेहमी ‘छान आहे, अजून काम कर’ एवढंच ऐकायला मिळतं.

किलकिले_डोळे
पूर्ण चित्र एकटं नेऊ नका. त्याच पोझचा दोन-टोनचा छोटा स्केच, पाच-टोनचा अभ्यास आणि रंगीत काम शेजारी लावा. कुठल्या टप्प्यावर आकार सुटला ते बघणाऱ्याला लगेच सापडतं. प्रश्नही नेमका विचारा: ‘गाल मानेपासून सुटतोय का?’ ‘कसं वाटतंय?’ विचारलंत की ‘छान’ हेच उत्तर येणार. जे सांगतील ते कॅनव्हासच्या मागे तारखेसह लिहा आणि पुढच्या पोर्ट्रेटमध्ये तेवढी एकच गोष्ट बदला. प्रकाश, पोझ आणि पॅलेट एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.