टिनाच्या पन्हाळीतला गाळ खालूनच काढायला पाइपचा आकडा (हुक) कसा बनवावा?

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा)
घरावर टिना आहेत. समोर ३० फूट पन्हाळ, जमिनीपासून १० फुटांवर. कडुलिंबाचा पाला आणि धूळ बसून तळाला थर झाला आहे. शिडी टेकवली की पन्हाळीची कड दबते. मृग लागायच्या आत खालूनच पाणी मारून साफ करायची आहे. पाइप-फिटिंग कोणतं घ्यावं? स्टँडवरची टाकी १२ फुटांवर आहे, तिचं पाणी चालेल का?

उत्तर १ (कारंजा)
भाऊ, टाकीचं पाणी नाही चालत. टाकी १२ वर, पन्हाळ १० वर, म्हणजे दाब फक्त दोन-तीन फुटांचा. धार नुसती सांडेल. मोटरच्या डिलिव्हरीवर (टाकीकडे जाणाऱ्या पाइपवर) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड टाका आणि टाकीकडचं तोंड थोडं उघडं ठेवा. मोटर चालू असताना दोन्हीकडचं पाणी बंद झालं तर दाब वाढून जोड निसटतो, मोटरही तापते.

सामान: पाऊण इंची यूपीव्हीसीची १० फुटी नळी १, साधे एल्बो (काटकोनी जोड) २, आट्यांचा एल्बो १, एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) १, एंड कॅप १, बॉल व्हॉल्व्ह १, होज निपल, क्लॅम्प, सोल्यूशन, टेफलॉन टेप. सगळं एकाच जातीचं घ्या. पाऊण इंची यूपीव्हीसी बाहेरून २६.७ मिमी, सीपीव्हीसी २२.२, शेतीचा पाइप २० किंवा २५. एकमेकांत बसतच नाहीत.

उभा तुकडा ७ फूट, व्हॉल्व्ह छातीशी येतो. वर एल्बो, ४ इंच आडवा तुकडा, खाली तोंड केलेला एल्बो, ४ इंच तुकडा, एमटीए, आट्यांचा एल्बो, त्यात छोटा तुकडा आणि कॅप. एल्बो प्रत्येक टोकाचा इंचभर पाइप गिळतो, ते धरूनच कापा. आधी कोरडं जोडून पन्हाळीवर लावून पाहा, मार्करनं खूण करा, मगच सोल्यूशन. ते काही सेकंदांत धरतं, नंतर वळवता येत नाही. पाणी २४ तासांनी सोडा.

कॅपला ३ मिमीची चारच भोकं पाडा. जास्त पाडली की धार मऊ पडते, थर हलत नाही. शेवटचा एल्बो आट्यांचा कशाला? पन्हाळीचं पाणी खाली नेणारा उतरता पाइप डावीकडे असो की उजवीकडे, आकड्याचं तोंड तिकडे फिरवता येतं.

उत्तर २ (राळेगाव)
एवढ्या थरावर सरळ पाणी मारू नका. सगळा पाला एकदम ढकलला जाऊन उतरत्या पाइपच्या तोंडाशी अडकतो. कडुलिंबाच्या काड्या तिथं आडव्या बसल्या की वरून पाणी मारून निघत नाहीत. आदल्या संध्याकाळी थर भिजवा, सकाळी खरवडा, पाणी शेवटी.

खरवडणीसाठी ४ इंची पाइपचा ६ इंच तुकडा उभा चिरून अर्धा घ्या आणि वाशर-बोल्टनं दुसऱ्या कॅपवर बसवा. लोखंडी पट्टी अजिबात नको. टिनावरचा जस्ताचा थर खरवडला की तिथूनच गंज धरतो.

घरावर येणारी सर्व्हिस वायर पन्हाळीजवळून जात असेल तर तेवढ्या भागात आकडा फिरवूच नका. पाइप प्लास्टिकचा असला तरी आतल्या पाण्यातून करंट येतो.

प्रश्नकर्ता
टी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी मागे येऊ न देणाऱ्या) कोणत्या बाजूला?

उत्तर १
पुढे, टाकीच्या बाजूला. आणि टीच्या या फाट्यालाही वेगळा व्हॉल्व्ह द्या, म्हणजे काम झाल्यावर होज काढून ठेवता येतो.