एआयने लिहिलेला कोड डोक्यात कसा बसवायचा?

कातळसडा (जामसंडे, देवगड)

नमस्कार मंडळी. मी घरून काम करतो. पुण्यातल्या एका कंपनीचं बॅकएंड (पडद्यामागचा कोड) हा पोटापाण्याचा उद्योग. त्याशिवाय आमच्या भागातल्या काही आंबा बागायतदारांसाठी हिशोबाचा एक प्रोग्राम सांभाळतो. प्रश्न त्यातूनच आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाशीला माल गेला की दलालाची पट्टी येते. किती डझनी पेट्या, काय भावाने गेल्या, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. हंगामाआधी फवारणीसाठी उचल घेतली असेल तर तीही थोडी थोडी वळती होते. एका गाडीचा माल एकाच दिवशी विकला जातो असं नाही. मोठ्या फळाची चार डझनी पेटी लगेच उठते, बारीक फळाची सात डझनी मागे राहते, आणि एकाच गाडीच्या दोन-तीन पट्ट्या होतात. गाडीभाडं कधी पहिल्याच पट्टीत सगळं लावलेलं असतं, कधी वाटून.

या पट्ट्या जुळवण्याचा भाग मी मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळानंतर लाईट नव्हती तेव्हा, वहीत मांडला. लॅपटॉपवर नंतर चढवला. पुढच्याच महिन्यात कोड सुचवणारं कोपायलट हे एआय साधन पहिल्यांदा चाचणीसाठी बाहेर आलं, म्हणजे तो माझा एआयच्या आधीचा शेवटचा मोठा कोड. आज कोणी फोनवर म्हणालं, "दोन पट्ट्यांत काही पैशांचा फरक येतोय", तर मी फाईल न उघडता सांगतो: भाडं वाटताना उरणारे पैसे शेवटच्या पट्टीवर जातात. कुठल्या बागायतदाराने कुठली पट्टी दाखवली म्हणून कुठला 'इफ' (कोडमधली अट) आला, तेही आठवतं.

उचलीचा भाग मात्र यंदा एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलं की स्वतःच कोड लिहिणाऱ्या साधनाकडून, लिहून घेतला. नियम नीट सांगितले, त्याने फंक्शनं (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) लिहिली, ती बरोबर उत्तर देतात का ते तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या, मी ओळ न ओळ वाचली. हंगामभर बिनचूक चाललं. एआयबद्दल माझी काही तक्रार नाही. ते नसतं तर हा भाग यंदा झालाच नसता.

जूनमध्ये पावसाने फायबर तुटली, मोबाईललाही रेंज नाही. एक बागायतदार पट्ट्यांची चळत घेऊन ओटीवर येऊन बसले. "सुरवातीच्या पट्टीतला हप्ता पुढे का ढकललास?" ओळ मला सापडली. पट्टीची रक्कम लहान असेल तर हप्ता पुढच्या पट्टीवर. ओळ बरोबर होती. पण ती तशी का, हे मला सांगता येईना. एरवी मी एजंटलाच विचारलं असतं, त्याने छान समजावलं असतं, आणि हे आपल्याला ठाऊक नाही याचा मला पत्ताही लागला नसता.

हा लोकांच्या वर्षभराच्या कमाईचा हिशोब आहे. तो माझ्या डोक्यात असायलाच हवा. वेगही सोडायचा नाहीये. नुसतं वाचून कोड डोक्यात बसत नाही, एवढं मला कळलंय. तुम्ही काय करता?

खाडीपल्याड (रत्नागिरी)

नेट नसल्याची अडचण तरी सुटण्यासारखी आहे. आपल्याच लॅपटॉपवर नेटशिवाय एआय चालवणारं ओलामा टाका आणि त्यावर क्वेन २.५ कोडर हे कोडसाठीचं ७ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे लहान आकाराचं, मॉडेल उतरवून घ्या. त्याची आकसवलेली (४ बिटची) फाईल ५ जीबीच्या आत बसते, १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालते. ऑनलाईन मोठ्या मॉडेलची सर नाही. एखादं फंक्शन समजून घ्यायला ठीक, दहा फाईलींत बदल सांगू नका. पाऊस लागायच्या आधी डाउनलोड करून ठेवा. आमच्याकडे जुलैत एवढी फाईल उतरवायची म्हणजे रात्र जाते.

सुरंगी (वेंगुर्ला)

खाडीपल्याड, उपाय चांगला आहे, पण दादांचा प्रश्न नेटचा नाहीये. घरचं मॉडेल त्या दिवशी उत्तर देईल आणि दादा पुन्हा होते तिथेच.

मी अनेक वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळते. लिहिणारे कधीच सोडून गेलेले. तरी तो कोड माझ्या डोक्यात आहे, कारण तो मी मोडून पाहिलाय. त्यामुळे स्वतः लिहिला तरच कळतो, हे मला पटत नाही. कुठलं काम हातचं सोडायचं नाही, एवढं ठरवावं लागतं. मी टेस्ट सोडत नाही. कोड एजंटने लिहावा. पण कुठल्या परिस्थितीत काय उत्तर यायला हवं ते मी आधी कागदावर, खऱ्या आकड्यांनी मांडते आणि टेस्ट माझ्या हाताने टाइप करते. दादा, तुम्ही टेस्टही त्यालाच लिहायला दिल्यात. "असं का" हा प्रश्न नेमका तिथे पडतो.

याला वेळ जातो, हे खरं. पण वेगाबद्दलच्या आपल्या अंदाजावर फार विसंबू नका. २०२५ मध्ये मेटर या एआयची क्षमता तपासणाऱ्या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स (सगळ्यांना खुला कोड लिहिणाऱ्या) डेव्हलपरना त्यांच्याच प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली होती. जिथे एआयला परवानगी होती तिथे त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के जास्त वेगाने केलं. साधनं तेव्हापासून पुढे गेली आहेत, आणि ते लोक आपापला कोड कोळून प्यालेले होते, त्यामुळे तो आकडा सगळ्यांना लागू होत नाही. वाटणं आणि घड्याळ यांत एवढी तफावत पडू शकते, हे मात्र मी विसरत नाही.

नवखा (मालवण)

मी शेवटच्या वर्षाला आहे. आमची बॅच चॅटजीपीटी आल्यावरच प्रोग्रामिंग शिकली, त्यामुळे काकांसारखा "आधीचा कोड" माझ्याकडे नाहीच. मी एआयला सांगतो की उत्तर देऊ नकोस, मलाच प्रश्न विचार. त्याने बराच फायदा होतो. पण त्या 'इफ'मागचा बागायतदार आम्ही कुठून आणायचा? कॉलेजच्या प्रोजेक्टला तर खरा वापरणारा कोणी नसतोच.

कातळसडा (जामसंडे, देवगड)

सुरंगीताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल त्याच बागायतदारांकडे वही घेऊन गेलो आणि उचलीच्या सगळ्या तऱ्हा त्यांच्या पट्ट्यांवरून हाताने मांडल्या. हप्ता पुढे ढकलण्याचं कारण त्यांनीच सांगितलं. सुरवातीला फळ थोडं, पट्ट्या लहान, आणि राखणीला, काढणीला आलेल्या नेपाळी कामगारांची मजुरी रोख द्यायची असते. तेव्हा हातात पैसा राहू द्यायचा आणि उचल मेच्या मोठ्या पट्ट्यांतून कापायची, असं दलालाशी बोलणं झालेलं असतं.

बोलता बोलता आणखी एक निघालं, जे मी एजंटला सांगितलंच नव्हतं, कारण मलाच कोणी सांगितलं नव्हतं. हंगामाच्या शेवटी उरलेला माल किलोवर कॅनिंगला जातो. तिथे पट्टी नाही, दलाल नाही. उचलीची बाकी राहिली तर ती रोखीने फेडतात. त्याची नोंद प्रोग्राममध्ये करायला जागाच नाही. त्याच्या टेस्ट आज मी लिहितोय, कोड एजंट लिहील.

खाडीपल्याड, मॉडेल उतरवलं. एका फंक्शनपुरतं खरंच बरं आहे.

नवखा, मे महिन्यात दोन दिवस देवगडला ये. पेट्या भरताना पडवीत बस, पट्ट्या बघ, आणि कॅनिंगचा रिपोर्ट तूच कर. वापरणारे मी देतो.