आई आणि मुलगा एकाच संगीत नाटकाच्या ऑडिशनला, आणि मुलाचा आवाज फुटतोय

माळ्यावरचा_तंबोरा:

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली.

आमच्या भागातली एक हौशी संस्था यंदा पौराणिक संगीत नाटक बसवतेय. राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागात उतरायचा विचार आहे. पुढच्या रविवारी ऑडिशन. व्हॉट्सॲपवर सूचना आली ती चार ओळींची: एक नाट्यपद, दोन मिनिटांत आटोपेल असं, एक गद्य उतारा, साथीला ऑर्गन-तबला, आपापला स्वर आधी कळवणे. मुलांच्या दोन भूमिका आहेत, बाकी मोठ्यांच्या.

जायचंय आम्हा दोघांनाही. मी ४४ वर्षांची, बँकेत नोकरी. लग्नाआधी सात वर्षं गाणं शिकले, मग तंबोरा माळ्यावर गेला तो गेलाच. लेक १३ पूर्ण. बालनाट्यात दोनदा उभा राहिलाय, त्यामुळे स्टेजला बुजत नाही. घोडं अडलंय ते गळ्यापाशी. दिवाळीपर्यंत काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, झकास गायचा. आता त्याच पदात तार षड्जाकडे (वरच्या 'सा'कडे) निघाला की मध्येच आवाज फाटतो आणि खालून कुठून तरी बाप्याचा आवाज येतो. परवा असं झालं तेव्हा मला हसू फुटलं. फुटायला नको होतं. तेव्हापासून दार लावून म्हणतो, आणि मी दाराशी गेले की गप्प.

तर, त्याने तेच पद खालच्या स्वरात म्हणावं, पद बदलावं, की यंदा जाऊच नये? आणि मी स्वर कुठला कळवू? माझी पूर्वी काळी पाच होती, आता काळी चारलाही धाप लागते. खालचा सांगितला तर 'हिचा गळा गेला' असं धरतात का? दोघांतल्या एकालाच घेतलं तर घरात काय होईल ते विचारत नाही, ते माझं मी बघेन.

---

पायपेटी:

ताई, ऑर्गनवर बसणाऱ्याच्या बाजूने सांगतो. वीसेक वर्षं हौशी नाटकांना साथ करतोय. ऑडिशनच्या दिवशी गाणाऱ्यापेक्षा मीच जास्त धास्तावलेला असतो, कारण निम्मे लोक येऊन म्हणतात, "लावा हो कुठलाही." कुठलाही लावतो, मग अंतऱ्याला त्यांचे डोळे पांढरे होतात आणि बघतात माझ्याकडे.

स्वर विचारतात तो मार्क द्यायला नव्हे. तो कागदावर लिहून घेतात कारण पुढे जोड्या जुळवायच्या असतात. नायक काळी एकचा आणि नायिका काळी चारची असली तर युगुलपदात जमवता येतं, काळी एकचा पंचम ('प') म्हणजेच काळी चार. दोघांचे स्वर अगदीच आडवेतिडवे निघाले की पदाचे तुकडे करून मध्ये ऑर्गनवर पूल बांधावा लागतो, आणि तो पूल प्रेक्षकांना दिसतो.

तुमचा स्वर असा काढा. पदातली सगळ्यात उंच जागा कुठली ते बघा. सकाळी उठून चहा झाल्यावर, रियाज न करता, ती जागा तीनदा लावा. तिन्ही वेळा मान न ताणता लागली तर तो तुमचा आजचा स्वर. नाही लागली तर एक पट्टी खाली. काळी चारची पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, जिथे बसेल तिथे बसा. खालचा स्वर सांगितला म्हणून बाद झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही. वीस वर्षांपूर्वीचा स्वर सांगून वरच्या षड्जाला लोंबकळणारे मात्र दर ऑडिशनला असतात.

लेकाला एकदम काळी एकला नेऊ नका. काळ्या-पांढऱ्या धरून सात पट्ट्या होतात. वरची फाट वाचेल, पण खालचे स्वर अजून तयार झालेले नाहीत, तिथे तो नुसता घोगरा पुटपुटेल. या वयात गळ्याचं खोकं आणि आतले स्वरतंतू वाढत असतात, १२ ते १५ च्या आसपास कधीही, आणि मुलग्यांचा आवाज शेवटी जवळजवळ सप्तकभर खाली येतो. अधल्यामधल्या काळात मधले पाच-सहा स्वर तेवढे शाबूत असतात. त्या अंगणात खेळणारं पद घ्या. तार सप्तकाचं कुंपण ओलांडणारं नको.

तबल्यासाठी एक. लय "मध्यम" म्हणून सांगू नका, प्रत्येकाची मध्यम वेगळी. मुखडा गुणगुणून हाताने ताल दाखवा. आणि सुरू करण्याआधी "सा द्या" म्हणायला लाजू नका.

---

विंगेतून:

मी टेबलापलीकडचा. चार-पाच संगीत नाटकं बसवली आहेत, त्यातलं एक सपशेल पडलं, त्यामुळे माझं थोडं ऐका.

पायपेटीदादा स्वराचं बरोबर सांगतायत, पण ऑडिशनमध्ये मी गाणं फार वेळ ऐकतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला सूर कळतो. मी बघतो ते गद्य संपून पद सुरू होतं तो सांधा. माणूस छान बोलत असतो, राजा असतो, रागावलेला असतो. ऑर्गनने सूर दिला की राजा जातो आणि क्लासमधला विद्यार्थी येतो: डोळे मिटलेले, एक हात पोटाशी, दुसऱ्याने मात्रा मोजणं चालू. राग कुठे गेला? ज्याच्यावर रागावला होता तो समोर उभाच आहे की!

म्हणून ताई, उतारा आणि पद वेगवेगळं पाठ करू नका. पदाच्या आधीचं वाक्य त्याच नाटकातलं घ्या आणि ते वाक्य ज्या माणसाला म्हणताय त्यालाच पद म्हणा. डोळे उघडे. शब्द शेवटच्या रांगेला कळू देत. दोन मिनिटांतलं अर्धं मिनिट आलापीत घालवलंत तर तुमचंच नुकसान. वन्समोअर प्रेक्षक देतात, निवड समिती नाही.

तुमच्या वयाला काम कमी असतं असं वाटत असेल तर काढून टाका. हौशी संस्थांमध्ये पंचविशीच्या मुली भरपूर येतात. पंचेचाळिशीची, सुरात गाणारी आणि रात्री साडेनऊला तालमीला येऊ शकणारी बाई आली की आम्ही खुर्चीत सरळ बसतो.

मुलाचं. आवाज फुटतोय हे आधीच सांगा, नाव पुकारल्यावर पहिल्या वाक्यात. ऑडिशन ते प्रयोग यात तीन-चार महिने सहज जातात, तेवढ्यात त्याचा आवाज कुठे पोचेल हे त्यालाही ठाऊक नाही. मला माहीत असलं तर मी पद छोटं करतो, दोन ओळी गद्यात आणतो, वरची ओळ समूहाला देतो. माझं पडलेलं नाटक याच कारणाने पडलं. पालकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, आणि रंगीत तालमीला पोराच्या गळ्यातून दोन माणसं गायला लागली. चूक माझी जास्त.

आणि तालमीच्या वेळा विचारून घ्या. धंदेवाईक कामात बालकलाकाराला दिवसाला ५ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त राबवायचं नाही असा नियम आहे. हौशी तालमीत कुणी घड्याळ घेऊन बसत नाही, म्हणून ते घड्याळ तुम्ही ठेवा. दुसऱ्या दिवशी शाळा असते हे दिग्दर्शक विसरतात. मीही विसरलोय.

---

फुटका_षड्ज:

मी २२ वर्षांचा आहे. माझा आवाज चौदाव्या वर्षी फुटला, तोही प्रयोगात, भरल्या थिएटरात. पहिल्या दोन रांगा हसल्या. मी पुढची ओळ बोलून टाकली आणि तबलजींनी ठेका तसाच ठेवला, तेवढ्याने निभावलं. म्हणून तुमच्या लेकाला एवढंच शिकवा: फाटलं तर परत मागे जाऊन ती जागा लावायची नाही. पुढे जायचं, पुढची ओळ तालात बोलायची. घरी मुद्दाम फाटू देऊन याची प्रॅक्टिस करा. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

जुन्या नाटक कंपन्यांत स्त्रीभूमिका पुरुष नि मुलगे करायचे, तिथे मुलाचा आवाज फुटला की नायिकेचं काम अनेकदा हातचं जायचं. त्यामानाने आपलं बरंय.

काकू, आणखी एक, रागावू नका. तो आत गात असताना तुम्ही खोलीत बसू नका. बसलातच तर ओठ हलवू नका. माझी आई अख्खं पद ओठांनी म्हणायची, आणि मी समितीकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत गायचो.

---

माळ्यावरचा_तंबोरा:

सगळ्यांचे आभार. काल झाली ऑडिशन, म्हणून लिहितेय.

सकाळची तीनदा-लावायची परीक्षा चार दिवस केली. काळी चार एकदाही पास झाले नाही. पांढरी चारला मान सैल राहिली. फॉर्मवर तोच स्वर लिहिला, लिहिताना हात जरा जड झाला खरा. अंतऱ्याची दुसरी ओळ साफ विसरले. डोळे उघडे ठेवायचे ठरवलं होतं, समोर टेबलावरच्या बाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, त्यांच्याकडे बघत पहिलीच ओळ पुन्हा म्हटली, जरा जास्त चिडून. नाटकात ती बाई चिडलेलीच असते. कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. ऑर्गनवाल्या काकांच्या आलं, ते गालात हसले.

लेकाने पद बदललं, मी नाही सुचवलं, त्याने स्वतःच. आत गेल्या गेल्या म्हणाला, "माझे आवाज सध्या दोन आहेत, कुठला येईल सांगता येत नाही." आत सगळे हसले, ते मला बाहेर ऐकू आलं. हो, मी बाहेर होते. जिन्यावर. ओठ हलवले, पण त्याला दिसत नव्हते. एकदा फाटला. पुढची ओळ त्याने बोलून टाकली, आणि तबला थांबला नाही.

गुरुवारी दुसऱ्या फेरीला दोघांनाही बोलावलंय. मला फक्त गद्य वाचायला, पद नको म्हणाले. त्याला मात्र दोन पदं तयार करून आणायला सांगितलीत. फुटका_षड्ज, येताना त्याने विचारलं की गुरुवारी तो सायकलवरून एकटा आला तर चालेल का. हो म्हणून बसलेय.