पोटातली नळी (पेग) कॅन्सरच्या सर्जननेच बसवावी की नाही?

निखिल_कराड
मामांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे, ३५ शेक (रेडिएशन) आणि सोबत केमो ठरलंय. सर्जननी भूल देऊन दुर्बिणीने घसा तपासला, तपासायला तुकडा काढला आणि पेगसाठी, म्हणजे पोटावरून थेट जठरात अन्न द्यायच्या नळीसाठी, चिठ्ठी देऊन गॅस्ट्रोवाल्यांकडे (पोटाच्या दुर्बिणीच्या डॉक्टरांकडे) पाठवलं. तिथली तारीख येईपर्यंत शेक सुरू झाले, तोंड सोलून निघालं, आता पाण्याचा घोटसुद्धा उतरत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, पेशंट टेबलावर आहे, भूल दिलेली आहे, घशाची वाट त्या सर्जनइतकी कुणाला माहीत नाही, मग त्याच भुलीत त्यानेच नळी का नाही बसवायची? अमेरिकेत काही हेड-नेक सर्जन स्वतः बसवतात.

घसातज्ञ
निखिलदादा, उशीर झाला ते वाईटच. पण घशाची वाट माहीत असली तरी काम पोटात आहे. दुर्बिणीचा उजेड पोटाच्या कातडीवर दिसला पाहिजे, जठर आणि कातडीच्या मधे मोठं आतडं आलेलं नको, मग तिथून सुई. आतडं टोचलं गेलं आणि रात्री पोट फुगलं तर पोट उघडणार कोण? मी ईएनटीवाला आहे, शिकल्याशिवाय आणि पोटाचा सर्जन हाताशी असल्याशिवाय मी हे करणार नाही. आणि नेहमीच्या पद्धतीत नळी तोंडातून ओढून खाली नेतात, ती गाठीला घासत जाते, पोटाच्या छिद्रापाशी कॅन्सर रुजल्याच्या केसेस आहेत.

निखिल_कराड
पण डॉक्टर ओढायची पद्धत गॅस्ट्रोवाल्यांची पण तीच ना! आणि जठर टाक्यांनी पोटाला धरून बाहेरूनच नळी घालायची पद्धतही आहे, त्यात नळी गाठीला लागतच नाही. शिकायचं तर हे शिकवा, गुटखा खाऊन तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही असे पेशंट आपल्याकडेच जास्त, त्यांच्यात दुर्बीण घालायला शेवटी तुमच्यासारख्यांनाच बोलावतात.

गिळण्याची_थेरपिस्ट
बसवणार कोण यावर भांडताय, पण आधी लागते कुणाला ते बघा की! सरसकट सगळ्यांना आधीच पेग द्यायच्या मी पूर्ण विरोधात आहे. वजन टिकतं हे खरं, पण पोटातून आयतं जातंय म्हटल्यावर माणूस गिळणंच सोडतो आणि शेक संपल्यावर ते स्नायू आखडलेले असतात, मग नळी सुटता सुटत नाही. सर्जनच्या हाताशी सोय आली की गरज नसलेल्यालाही बसेल ही मला भीती आहे. बऱ्याच जणांचं नाकातल्या राइल्स ट्यूबवर भागतं. ठसका लागत नसेल तर नळी असतानाही रोज दोन-चार घोट गिळायचेच, व्यायाम करायचेच.

सातारची_लेक
ताई, भागतं म्हणणं सोपं आहे. माझ्या वडिलांना राइल्स होती. झोपेत हात लागून निघाली की रात्री रिक्षा करून कॅज्युअल्टी, परत घालताना ठसका, नाकातून रक्त, मग जागेवर आहे का बघायला एक्सरे. एसटीत लोक तोंडाकडे बघत बसायचे म्हणून बाबांनी बाहेर पडणंच सोडलं. डाळीचं पाणी वस्त्रगाळ करून द्यायचं, गोळी जरा जाडसर कुटली गेली की नळी चोक, हे सगळं मला शेजारच्या बेडवरच्या काकूंनी शिकवलं. पेग असती तर निदान शर्टाखाली झाकली असती. कोण बसवतंय याचं आम्हाला काही नाही, वेळेवर बसवा.

घसातज्ञ
नळी चार-सहा आठवड्यांच्या वर लागणार असेल तर पेगचा विचार करायलाच हवा, त्यावर वाद नाही. पण पेगही सुखाची नाही ताई, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत निसटली तर जठरातलं पोटाच्या पोकळीत सांडतं, जिवावर बेततं.

निखिल_कराड
मग हेच सांगा, तपासणीच्या दिवशी गॅस्ट्रोवाल्याला तुमच्या थिएटरमध्ये बोलवायला काय हरकत आहे? पेशंटने चिठ्ठ्या घेऊन का फिरायचं?

घसातज्ञ
हरकत काहीच नाही. पण त्यासाठी पेशंटचं वजन, गिळणं आणि शेकांचा प्लॅन तपासणीच्या आधी एकत्र बसून बघावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो प्लॅन तुकड्याचा रिपोर्ट आल्यावरच ठरतो. म्हणून त्याच भुलीत नळी बऱ्याचदा जमत नाही, आणि सर्जनच्या हातात नळी द्या याला तर माझा अजूनही नकारच आहे.