कोजागिरीला ‘महल’ दाखवावा का?

ए-२०३: कोजागिरीला गच्चीवर दाखवण्यासाठी भुताखेतांचा एखादा जुना चित्रपट सुचवावा, असे समितीने कळवले आहे, म्हणून मी १९४९ सालच्या ‘महल’चे नाव सुचवते. मी तो शाळेत असताना दूरदर्शनवर पाहिला. आमच्या चाळीत एकच टीव्ही होता आणि त्या खोलीत वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसली होती. ओसाड हवेलीतल्या घड्याळाने दोनचे टोले दिले, कुठून तरी लांबून गाण्याचे शब्द येऊ लागले आणि अशोक कुमार त्या आवाजाच्या मागे दालनांतून फिरू लागले, तेव्हा शेजारी बसलेल्या आजीने माझे मनगट घट्ट धरले होते. त्यानंतर महिनाभर मी घरातल्या घड्याळाला किल्ली देऊ दिली नाही.

सी-५०१: ताई, तो आवाज लांबून येतो असे वाटते, त्यामागे मोठे कष्ट आहेत. लतादीदींनीच सांगितले होते की, मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून ‘खामोश है ज़माना’ म्हणत हळूहळू चालत त्याच्याजवळ येत असत. तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे मधुबालाच्या पात्राचे नाव छापले होते, त्यामुळे श्रोत्यांनी आकाशवाणीकडे खऱ्या नावाची विचारणा केली. संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले, याची मला फार हळहळ वाटते.

बी-१०४: मला मात्र पहिल्यांदा पाहताना शेवटी राग आला होता. इतका वेळ ज्या सावलीला घाबरलो, तिचा उलगडा करून टाकल्यावर भीतीच ओसरली, असे मला तेव्हा वाटले आणि आजही काही अंशी वाटते. जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराने टिपलेला अंधार आणि झोपाळ्यावरची मधुबाला मात्र मी विसरू शकलेलो नाही. तेव्हा ती अवघी सोळा वर्षांची होती.

ए-२०३: काका, आपले म्हणणे मला पटते, पण अर्धेच. लहानपणी मी कामिनीला घाबरले. लग्नानंतर पुन्हा पाहिला तेव्हा, घरात आणलेल्या बायकोचा चेहराही न पाहता एका आवाजासाठी झुरणाऱ्या त्या माणसाची भीती वाटली, आणि ती भीती शेवटच्या उलगड्याने मुळीच कमी होत नाही. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट होता, हे लक्षात घेतले की त्यांच्या धाडसाचे मला अधिकच कौतुक वाटते.

सचिव: सर्वांची संमती दिसते. चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून बरोबर सात वाजता सुरू करू. दूध नंतर आटवू. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांनी कृपया मुलांना शेवट सांगू नये.